पाडव्याची ओवाळणी: एक हरलेली मॅच

पाडव्याला ओवाळल्यावर ताटात काय पडतं, यावरून नवऱ्याची परीक्षा होते. २०२४ च्या पाडव्याला माझ्या ताटात काहीच पडलं नाही. ह्यांनी नुसता मोबाइल पुढे धरला. त्यावर तीन तिकिटं: २ नोव्हेंबर, दुपारी बारा, रॉस-एड स्टेडियम, अमेरिकन फुटबॉलची मॅच, लेकीचं विद्यापीठ पर्ड्यू विरुद्ध नॉर्थवेस्टर्न. काढली होती लेकीनं, मिरवत होते हे.

"स्वस्तात कशी काय मिळाली?" मी विचारलं.

"आई, आमची टीम हरतेय ना," लेक म्हणाली.

शिकागोतले तीन दिवस म्हणजे वारा आणि गुडघेदुखी, त्याबद्दल एवढंच. तिथून वेस्ट लाफाएटला, म्हणजे पर्ड्यूच्या गावाला, येताना कापणी झालेलं मक्याचं रान संपता संपत नाही. इंडियाना राज्यात बरंच आत आल्यावर घड्याळ एक तास पुढे गेलं, तेव्हा कुठे काहीतरी घडल्यासारखं वाटलं. लेक इथे एमएस करते. कॅम्पसवर मराठी ऐकू येतं, पोहे मिळतात, त्यामुळे घरची आठवण यायची सोयच नाही.

माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. तालमींच्या फुटबॉलवर आणि शाहू स्टेडियमच्या आरडाओरड्यावर वाढलेली मी. त्यामुळे हातात धरून पळायच्या चेंडूला हे लोक फुटबॉल का म्हणतात, हा माझा पहिला आक्षेप. तो अजून कायम आहे. पण हरणं मला कळतं. पर्ड्यूनं पहिली मॅच ४९-० अशी मारली आणि त्यानंतर एकही नाही. नोत्र दामनं घरी येऊन ६६-७ नं धुतलं. विस्कॉन्सिन ५२-६, ओरेगॉन ३५-०. इलिनॉयविरुद्ध जादा वेळेत ५०-४९, म्हणजे एका गुणानं गेली. सातात एक विजय! आमच्या पेठेत असा हंगाम गेला असता तर पोरांनी महिनाभर मागच्या गल्लीतून ये-जा केली असती.

इथे मात्र सकाळी नऊपासून पार्किंगमध्ये गाड्यांची मागची दारं उघडी, शेगड्या पेटलेल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळे काळ्या-सोनेरी कपड्यांत. मी फराळाचा डबा उघडला. चकली दहा मिनिटांत संपली, लाडवांकडे मात्र संशयानं बघितलं गेलं. मग आलं ह्या लोकांचं दैवत, रस्त्यावर धावणारं रेल्वे इंजिन. १८९१ साली पर्ड्यूकडून हरलेल्या गावाच्या एका पेपरानं ह्यांना चिडून 'बॉयलरमेकर', म्हणजे बॉयलर बनवणारे, म्हटलं आणि ह्यांनी ती शिवीच नाव म्हणून घेतली. हे मला मनापासून आवडलं. पाठोपाठ १९२१ चा अजस्र ढोल, चाकांवर. ढोल बघून ह्यांना गणपती आठवले आणि डोळे पुसायला लागले. ह्यांचं असंच असतं.

खेळाबद्दल खरं सांगू? कंटाळा. साठ मिनिटांचा खेळ, पण चार पावलं पळतात आणि थांबतात. जाहिरातींसाठी तर सगळं मैदान ताटकळत उभं. बाकडी गार. बूड बधिर झालं तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजींनी न विचारता आपली जादाची उशी मागे सरकवली.

त्या आजी-आजोबांनीच माझा दिवस खाल्ला. आजोबांच्या वडिलांपासून ही दोन बाकडी त्यांच्याकडे. स्टेडियम १९२४ चं, त्या वर्षी शंभरी. अशा हंगामात कशाला येता, असं मी लेकीकडून विचारायला लावलं, तर आजोबा म्हणाले, "हरत असले की पाय पसरायला जागा मिळते."

आजींच्या मांडीवर एक छोटी वही होती. कुणी गुण केले की पेन्सिलीनं टिपायच्या. मी डोकावतेय हे बघून त्यांनी वहीच माझ्या हातात दिली. मागची पानं चाळली. ४९-० एका पानावर, त्याच्या पुढच्यावर ६६-७. तेच वळण, तीच खालची सरळ रेघ. कुठे खाडाखोड नाही की पेन्सिल दाबून लिहिलेलं नाही. मला उगीच भरून आलं. माझा भाऊ हरून आला की आई त्या दिवशी त्याला भाकरी वाढताना काही बोलायची नाही. त्याच्या आवडीचंही करायची नाही. रोजचंच वाढायची.

आणि नेमकी ही मॅच रंगली! २०-२० बरोबरी, जादा वेळ. इंजिनाचा भोंगा, माझा घसा, ह्यांचे हातवारे. कंटाळा आला म्हणणारी मी बाकावर चढले होते. जादा वेळेत आमच्या पदरात शून्य. त्यांनी सहा काढले आणि खेळ तिथंच संपला. २६-२०. लोक असे मुकाट उठले, जसा सिनेमा सुटावा. मीच तेवढी कोल्हापुरी शिव्या देत होते. लेक म्हणाली, "आई, इथे मराठी कळणारे आहेत."

आजींनी आकडा लिहिला, रेघ ओढली, उशी परत घेतली. "दोन आठवड्यांनी पेन स्टेट," एवढंच म्हणाल्या, जणू मीही येणारच होते.

त्या रात्री तिथली घड्याळं तासभर मागे गेली. हरल्याचा दिवस आणखी लांबला.

पेन स्टेटची मॅच ४९-१० नं गेली तेव्हा आम्ही परतीची बॅग भरत होतो. शेवटची मॅच शेजारच्या इंडियाना विद्यापीठाशी, जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या लाकडी बादलीच्या मानासाठी. हा मान १९२५ पासूनचा. कोल्हापुरात पहाटे उठून मी मोबाइलवर गुण बघत बसले. हे घोरत होते. ६६-०. एक विजय, अकरा हार. १ डिसेंबरला प्रशिक्षक रायन वॉल्टर्स यांना काढल्याची बातमी आली. लेकीचा मेसेज आला, "आई, स्कोअर बघू नकोस."

कॅलेंडरचं पान उलटायचं राहिलं होतं. ३० तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब होता, त्याच्याखाली पेन्सिलीनं ६६-० लिहिलं. रेघ जरा वाकडी आली.