चौकड्यांच्या आधीचं टार्टन

एडिंबऱ्याच्या रॉयल माइलवर पाऊस चुकवायला एका दुकानात शिरलो. भिंतभर मफलर. लाल-हिरव्या चौकड्यांचा, म्हणजे टार्टनचा, एक उचलला आणि सवयीने लेबल बघितलं. ॲक्रिलिक, पॉलिएस्टर. लोकर औषधालाही नाही. "स्कॉटलंडला येऊन हे न्यायचं?" म्हणत बायकोने तो घडी घालून परत ठेवला.

मला मात्र हसू आलं. कारण टार्टन हे नावच बहुधा मिसळीच्या कापडाचं. फ्रेंचांकडे 'तिर्तेन' नावाचं कापड असे, लिनन आणि लोकर एकत्र विणलेलं. स्कॉट्स भाषेतला शब्द त्यावरूनच आला, असं बहुतेक कोशकार धरतात. आपल्या औरंगाबादी हिमरूत सूत आणि रेशीम नांदतं, तशातलाच प्रकार. १५३८ मध्ये राजा पाचव्या जेम्सच्या खर्चाच्या वहीत 'हायलँड टार्टन' आहे: राजेसाहेबांच्या तंग विजारीसाठी तीन वार म्हणा, दर वारी चार शिलिंग चार पेन्स. त्या ओळीत चौकड्यांचा उल्लेखही नाही.

दुपारी चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात फॉल्कर्क टार्टन पाहिलं. तळहातात मावेल एवढी चिंधी, तिसऱ्या शतकातली. रोमन नाण्यांनी भरलेल्या मडक्यात सापडली. काळसर आणि फिकट, न रंगवलेल्या लोकरीचे चौकडे. लिननचा धागा नाही, तरी आज हिला टार्टनच म्हणतात! नाव पोतावरून उठून नक्षीवर जाऊन बसलं ते असं. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला, टार्टनची लाट उसळली आणि घराण्यागणिक चौकडे ठरू लागले.

याच मुलखाचा दुसरा शब्द मात्र कापडाला चिकटून राहिला, 'विन्सी'. मूळ इंग्रजी लिन्सी-वूल्सी, म्हणजे लिनन-लोकर. स्कॉटिश जिभेवर त्याचं लिन्सी-विन्सी झालं आणि शेवटी नुसतं विन्सी उरलं. ताणा सुताचा किंवा लिननचा, बाणा लोकरीचा. एकोणिसाव्या शतकात यातूनच सदरे आणि परकर शिवले जात. टिकाऊ, उबदार, शिवाय निव्वळ लोकरीपेक्षा स्वस्त. मला हाच शब्द जास्त आवडला, राजाची विजार त्याच्या नशिबी नसली तरी.

संध्याकाळी दुसऱ्या एका दुकानात विन्सी मागितली. काउंटरवरच्या आजीबाई खुलल्या आणि आतून विन्सिएटचा पायजमा घेऊन आल्या. हे विन्सीचंच धाकटं भावंड. हात लावला, मऊसूत. लेबल पाहिलं: शंभर टक्के सुती.

घेतला.