‘मुळे’ आणि ‘नंतर’

टीवायला इकॉनॉमिक्सचं डिझर्टेशन घेतलं तेव्हा विषय डोक्यात पक्का होता, कांदा निर्यातबंदी आणि लासलगावचे भाव. आमच्या घरचाच कांदा तिथे जातो, त्यामुळे वाटलं यात लिहायला काय अवघड, सगळं तर डोळ्यांनी पाहिलंय.

पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं, "८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीमुळे भाव कोसळले." मॅडमनी ‘मुळे’ला पेन्सिलने गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला, "कशावरून?" मला खरंच राग आला, कारण त्या दिवसांत घरात काय चाललं होतं ते मला माहितीये. पण त्या म्हणाल्या, डिसेंबरात लाल कांद्याची आवक तशीही वाढते ना, मग भाव बंदीने किती पडले आणि आवकेने किती, हे वेगळं करून दाखव. तोपर्यंत ‘नंतर’ लिही.

मग आधीच्या तीन वर्षांचे त्याच आठवड्यांचे आकडे काढत बसले, आवक क्विंटलमध्ये, भाव किमान, कमाल आणि सर्वसाधारण. यातही एक चूक केलेली, सर्वसाधारण दराला मी सरळ सरासरी म्हणत होते. ती सरासरी नसते, जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला, तो दर. अख्खं एक टेबल परत केलं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये लागलेलं ४० टक्के निर्यातशुल्क मी विसरलेच होते, म्हणजे बाजाराला पहिला धक्का बंदीच्या जवळजवळ चार महिने आधीच बसलेला.

संदर्भ कसे द्यायचे, समास किती सोडायचा, हे एका दुपारी जमतं. एकेक वाक्य लिहिताना हे मी पाहिलंय, की कोणीतरी सांगितलंय, की आकड्यातून निघतंय, हे स्वतःला विचारायला मात्र मला अख्खं सेमिस्टर लागलं.

घरी वाचून दाखवलं तेव्हा नाना म्हणाले, "नंतर काय लिहिलंस, मुळे लिही, बंदीमुळेच पडले." मी आवकेचा तक्ता समोर ठेवला, त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवत तो बराच वेळ वाचला. मग काही न बोलता उठले आणि कपाटातून त्या डिसेंबरच्या हिशोबपट्ट्या आणून दिल्या, रबर लावलेला गठ्ठा, प्रत्येकीवर वजन, भाव आणि तारीख. आता त्या परिशिष्टात आहेत.