मुदतीनंतर आलेला दावा

त्या दिवशी न्यायाधिकरणात मी ज्या दाव्याला विरोध केला, त्यातला एक रुपयाही खोटा नव्हता.

दिवाळखोरीतल्या एका कंपनीच्या रिझोल्यूशन प्रोफेशनलची, म्हणजे आमच्या भाषेत आरपीची, मी वकील. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनी चालू ठेवायला आणि पैसे येणं असलेल्यांचे दावे तपासायला नेमलेला व्यावसायिक म्हणजे आरपी. कंपनी कोण घेणार आणि देणी कशी फेडणार याचा प्लॅन कर्जदात्यांच्या समितीने मंजूर केला होता, न्यायाधिकरणाची मंजुरी तेवढी बाकी होती. अशा वेळी सुटे भाग पुरवणारे एक छोटे कारखानदार जुन्या बाकीचा दावा घ्यावा असा अर्ज घेऊन आले. चलनं, जीएसटीची बिलं, कंपनीने सहीशिक्क्यानिशी बाकी कबूल केल्याचं पत्र, सगळं जोडलेलं. बँकांकडूनसुद्धा इतके नीट कागद क्वचित येतात.

कायदा आमच्या बाजूने होता. समितीच्या मंजुरीनंतर नवे दावे घेता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये आरपीएस इन्फ्रास्ट्रक्चरच्या निकालात सांगितलंय. मला ते पटतंही. देणी किती हेच पक्कं नसेल, तर बुडालेली कंपनी घ्यायला पुढे कोण येईल?

पण दिवाळखोरी प्रक्रियेच्या नियमांत 2022 पासून नियम 6अ आहे. हिशेबवह्यांत ज्यांचं देणं दिसतं, त्यांना पोस्टाने किंवा ई-मेलने कळवायचं. यांना ई-मेल गेला तो जुन्या पत्त्यावर, आणि परत आला. दुसरीकडे, कंपनी चालू ठेवायला आरपी यांच्याकडूनच माल घेत होते. प्रक्रियेदरम्यानचा खर्च पूर्ण द्यावा लागतो, त्यामुळे त्याचे पैसे वेळेवर जात होते. म्हणजे अकाउंट्सकडे यांचा चालू पत्ता होता, दावे तपासणाऱ्यांकडे नव्हता. शेजारशेजारच्या टेबलांवरची ही माणसं! हा निष्काळजीपणाच.

"मॅडम, नव्या मालाचे पैसे येत होते. जुने बुडतील असं वाटलंच नाही," ते बाहेर म्हणाले.

आत नेमकी हीच गोष्ट त्यांच्यावर उलटली. पुरवठा चालू होता, म्हणजे प्रक्रिया तुम्हाला ठाऊक होती. अर्ज फेटाळला गेला.

दावा वेळेत आला असता तरी हाती फारसं लागलं नसतं. तारणावर कर्ज दिलेल्यांचं भागल्यावर पुरवठादारांच्या वाट्याला बहुतेकदा काहीच उरत नाही. तरीही यादीत नाव असणं आणि नसणं यात फरक आहे.

आता प्रत्येक प्रकरणात, दावा न केलेल्या पुरवठादारांची नावं पेमेंटच्या यादीशी ताडून पाहायला मी सुरुवातीलाच सांगते. काही आरपी कुरकुर करतात, कायद्यात असं कुठे लिहिलंय म्हणून विचारतात. मी ते लेखी पाठवते.