बर्फाचे डोहाळे

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

आज २८ किलोमीटर झाले. पहाटे साडेचारला निघाले, खडकवासल्याच्या पुढे डोणज्यापर्यंत जाऊन परत. परतीच्या वाटेवर शेवटचे पाच किलोमीटर डोक्यात एकच गोष्ट होती, दहीभात आणि लिंबाचं लोणचं. गोड नको, फळ नको, लोणचंच हवं. घरी येऊन टी-शर्ट काढला तर पाठीवर घामाच्या मिठाचे पांढरे डाग. मग कळलं लोणचं का हवं होतं ते. दोन वाट्या भात खाल्ला, लोणच्याचा खारसुद्धा बोटाने पुसून घेतला.

पण आज लिहायला बसले ते बर्फासाठी. गेले बारा दिवस मी बर्फ खाल्लेला नाही.

मुंबई मॅरेथॉनची तयारी जुलैत सुरू केली आणि सप्टेंबरपासून हे लागलं. रात्री सगळे झोपले की फ्रीजरमधला ट्रे काढायचा, ओट्यावर पिळायचा, एकेक खडा दाढेखाली धरायचा. कडकन फुटला की जिवाला बरं वाटायचं. ट्रे संपेपर्यंत थांबवत नसे. आजी एकदा पाणी प्यायला उठली, दारात उभी राहून म्हणाली, "कसले डोहाळे लागलेत गं तुला?" मी म्हटलं, ऑक्टोबरचं ऊन आहे. मलाही तसंच वाटत होतं.

त्याच दिवसांत वेग पडला. सहा मिनिटांत होणाऱ्या किलोमीटरला पावणेसात लागायला लागली. जिना चढताना धाप. मी आणखी नेटाने धावले, आणि खाणं मात्र होतं तेवढंच ठेवलं. आता त्याचा राग येतो. माझं वजन ५४ किलो. धावताना किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी जाते, म्हणजे आजच्यासारख्या दिवशी पंधराशे. रोजच्या जेवणावर इतकं वरचं. ते मी सकाळी एका केळ्यावर भागवत होते आणि रात्री गुळाच्या डब्यात हात घातला की स्वतःलाच हावरट म्हणत होते. हावरटपणा नव्हता तो. सकाळची उधारी होती.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "बर्फ, खडू, माती, असलं काही खावंसं वाटतं का?" मी बघतच राहिले. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ११.२, फेरिटिन ८. फेरिटिन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेलं लोह. ते जवळजवळ संपलं होतं. पाळीत जातं, घामातून थोडं जातं, रस्त्यावर हजारो वेळा पाऊल आपटतं तेव्हा तळव्यांत रक्तपेशी फुटतात त्यातही जातं. शिवाय दमवणाऱ्या धावेनंतर काही तास शरीर लोह नीट शोषून घेत नाही. आणि मी नेमकी त्याच वेळी, नाश्त्याबरोबर, मोठा कप चहा घेत होते. चहा उरलंसुरलंही अडवतो.

गोळ्या सुरू झाल्या. चहा जेवणापासून दोन तास लांब गेला. डाळीवर लिंबू पिळणं आता चुकत नाही. आठवड्याभरात बर्फाची ओढ गेली, हिमोग्लोबिन वाढायच्या कितीतरी आधी. सोडायचं म्हणून सोडला नाही. एका रात्री पाणी घ्यायला फ्रीज उघडला, ट्रे भरलेला दिसला आणि हात गेलाच नाही.

आजीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती अळीव निवडत होती, माझ्यासाठीच, लाडवांना. हात थांबला तिचा. म्हणाली, "मी चुलीची भाजकी माती खायचे. पाटीवरच्या पेन्सिलीपण. तुझ्या बाबाच्या वेळी आणि नंतरही, कितीतरी वर्षं. सासूबाई हातावर मारायच्या." पाच बाळंतपणं, शेतातलं काम, डोक्यावर पाण्याच्या कळश्या. सगळ्यांचं होऊन उरेल ते तिचं जेवण. दमायची का, विचारलं. "दमायला वेळ कुठं होता, बाई. चक्कर यायची, बसायचे जरा बांधावर." तिचं रक्त कुणी तपासलं नाही. माती खाते म्हणून बोलले मात्र सगळे.

मी आजवर तिच्यापेक्षा जास्त कष्ट करते असं समजत होते, ४२ किलोमीटर म्हणून.

आज लोणच्याच्या बरणीला तिने स्वतः नवं फडकं बांधलं आणि माझ्या हाताशी येईल अशी खालच्या फळीवर ठेवली. उद्या माझं रक्त पुन्हा द्यायचंय. तिलाही घेऊन जाणार आहे. मघाशी दोनदा विचारून गेली, उपाशीपोटी यायचं का म्हणून.