फाशी असावी का? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, कॉलेजातल्या भाषणानंतर विचारतात आणि राज्यात एखादी भयंकर घटना घडली की हमखास फोन करून विचारतात. ‘तुम्ही इतकी वर्षं कोर्टाच्या बातम्या दिल्यात, खुनाचे खटले जवळून पाहिलेत. खरं सांगा, फाशी हवी ना?’

नको, असं माझं उत्तर आहे. ते ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘तुमच्या घरात घडलं असतं म्हणजे?’ घडलं असतं तर मीही फाशीच मागितली असती, यात शंका नाही. पण माझ्या घरात घडलं तर निकालही मीच द्यावा, असं तुमच्यापैकी कोणीच म्हणणार नाही. हा मुद्दा मी इथेच सोडते, कारण मला सांगायचंय ते वेगळं आहे. लोकांनी मागितलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये सरकारला सर्वांत स्वस्त पडते ती फाशी. कायद्यात एक ओळ घातली की झालं. बाकी काही मागितलं तर माणसं नेमावी लागतात, पैसे घालावे लागतात आणि कुणाला तरी जाब द्यावा लागतो.

बदलापूरचंच बघा. ऑगस्ट 2024. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, आरोपी तिथलाच सफाई कर्मचारी. लोक रेल्वे रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद. घोषणा फाशीची होती. पण माणसं मुळात कशाने पेटली होती? पोलिसांनी तक्रार नोंदवून घ्यायला पालकांना तासन्‌तास ताटकळत ठेवलं होतं आणि शाळेने हात वर केले होते. राग त्याचा होता. महिन्याभराने, 23 सप्टेंबरला, तो आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. ‘बदला पुरा’ असे फलक लागले. नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचं पुढे आलं, तोवर फलक उतरले होते. आणि पालक ठाण्यात बसून का राहिले, हा पहिला प्रश्न? त्यावर आज तुमच्यापैकी कुणी बोलताना मला दिसत नाही.

दिल्लीतही असंच झालं होतं. डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने महिन्याभरात जाडजूड अहवाल दिला. पोलीस सुधारणा, वैद्यकीय तपासणीची पद्धत, कामाच्या ठिकाणची सुरक्षितता, बरंच काही होतं त्यात. बलात्काराला फाशी ठेवावी, अशी शिफारस मात्र समितीने केली नाही. महिला संघटनांचाही फाशीला विरोध होता. सरकारने काही प्रकारच्या गुन्ह्यांसाठी फाशी घातलीच. 2018 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलींच्या बाबतीत घातली, 2019 मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, पॉक्सोत, घातली. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये बायका-मुलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यातही फाशी होतीच.

आता यातला सगळ्यांत अवघड भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीतला असतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर, कधी बापच. तक्रार करायची की नाही हे ठरायचं असतं घरात, आणि घरातल्या बाईला जेव्हा कळतं की आपल्या एका सहीने दिराच्या गळ्यात फास पडू शकतो, तेव्हा तिच्यावर सासरच्यांचं दडपण किती पट वाढत असेल? पंच, म्हणजे पंचनाम्यावर सही करणारे साक्षीदार, फितूर झालेले मी पाहिलेत, बाकीचे साक्षीदार फितूर झालेले पाहिलेत. पोटची पोर पिंजऱ्यात उभी राहून ‘मला आठवत नाही’ म्हणाली, तेही पाहिलंय. तेव्हा तिची आजी मागच्या बाकावर बसून तिच्याकडे टक लावून बघत होती.

तुम्ही टीव्हीवर निकाल बघता. निकाल अर्ध्या तासाचा असतो. त्याच्या आधी जे असतं त्याचा एक तुकडा सांगते. खून झालेल्या एका तरुण मुलीच्या वडिलांची साक्ष होती. सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांची पहिली विचारपूस, चालू असताना त्यांनी जप्त केलेला मुद्देमाल मागवला. कोर्टात खटल्याचं काम बघणाऱ्या, पैरवीच्या हवालदाराने खाकी कागदाचं पाकीट आणलं, लाखेचं सील शाबूत असल्याचं दोन्ही वकिलांना दाखवलं आणि पाकीट फोडलं. बंद पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या कपड्यांचा वास कोर्टभर झाला. पहिल्या रांगेतल्या एका ज्युनिअर वकिलाने नाकाला रुमाल लावला. ओढणी वर धरून विचारलं गेलं, ‘ही कुणाची?’ वडील ‘माझ्या मुलीची’ म्हणाले. आरोपीचे वकील उठले: अशा ओढण्या बाजारात मिळतात, हे खरं आहे का? वडील म्हणाले, मिळतात. लघुलेखकाने टाइप केलं. मग लेबलवर पंचाची सही नाही, यावर वीस मिनिटं वाद झाला. पंच जागेवर नव्हतेच, ठाण्यातच सह्या घेतल्या होत्या, हे पुढे उघड झालं. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आला होता, पण नमुने प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुठे आणि कोणाच्या ताब्यात होते याची नोंद तुटक होती. न्यायाधीश साहेबांनी पुढची तारीख दिली. वडील बाहेर येऊन मला विचारतात, ‘ताई, सह्या का नव्हत्या?’

आरोपी सुटला. गावाने त्याच्या फाशीसाठी मोर्चा काढला होता, मोठा होता मोर्चा. पंचनामा नीट करा, म्हणून कुणी मोर्चा काढत नाही, आणि त्यात लोकांची चूक आहे असंही मला म्हणायचं नाही. पंचनामा हा काय मेणबत्त्या पेटवून मागायचा विषय आहे? पण खटला जातो तो तिथेच.

आमच्या धंद्याचंही सांगते. संध्याकाळी निकालाची बातमी घेऊन गेलं की डेस्कवरून पहिला प्रश्न यायचा, ‘फाशी का?’ जन्मठेप म्हटलं की मथळा आतल्या पानावर. निर्दोष म्हटलं तर एक कॉलम. शिक्षेचा आकडा वाढला तसा आरोपीचा फोटो मोठा होत जायचा, आणि मेलेल्या माणसाचं नाव तिसऱ्या परिच्छेदात.

‘पण एखादं प्रकरण तर अगदी स्पष्ट असतं,’ असं म्हणाल. नाशिक जिल्ह्यातलं एक असंच स्पष्ट होतं. जून 2003 मध्ये रात्री एका शेतावरच्या घरावर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला, बायकामुलींवर अत्याचार झाले. भटक्या समाजातले सहा मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने 2006 मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून पुन्हा सहाही जणांची फाशी ठरवली. म्हणजे तिन्ही पातळ्यांवर ते दोषी ठरले होते. मग पुनर्विचाराची सुनावणी नव्याने झाली आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही. कोर्टाने सहाही जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि तपासात कसूर करणाऱ्या पोलिसांवर कारवाई करायला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

या सहा जणांबद्दल मी बोलले की लोक हळहळतात. मला मात्र नेहमी वाटतं, त्या वाचलेल्या बाईचं काय? तिने माणसं दाखवली होती. तिचं न ऐकता दुसऱ्यांना फासावर पाठवायची तयारी झाली, आणि सोळा वर्षांनी तिच्या हातात आलं ते एक रिकामं प्रकरण. पीडितांच्या बाजूने बोलायचं असेल तर इथून सुरुवात करावी लागते.

बरं, फाशी झाली तरी कुटुंबाची सुटका होते असंही नाही. 2004 पासून आजवर या देशात आठ फाशी झाल्या: कोलकात्यातली एक, कसाब, अफझल गुरू, याकूब मेमन आणि मार्च 2020 मध्ये तिहारमध्ये चौघे. खालची कोर्टं मात्र काही वर्षी शंभरावर जणांना फाशी सुनावतात. बाकीच्यांचं काय होतं? कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींना 2001 मध्ये शिक्षा झाली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, 2014 मध्ये दयेचा अर्ज फेटाळला गेला आणि जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची जन्मठेप केली. कारण? दयेच्या अर्जावर सरकारने लावलेला अक्षम्य विलंब. त्या लेकरांच्या आयांना वीस वर्षांत प्रत्येक टप्प्यावर ‘आता होणार, आता होणार’ असं सांगितलं गेलं असेल. जन्मठेप पहिल्याच दिवशी झाली असती, तर निदान वाट बघणं तरी त्यांच्या माथी आलं नसतं.

‘मग काय, चौदा वर्षांनी सोडून द्यायचं?’ हा गैरसमज फार पसरलाय. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. चौदा वर्षांनंतर सरकार सूट देऊ शकतं, द्यायलाच हवी असं नाही. 2008 पासून सर्वोच्च न्यायालय काही प्रकरणांत सूट न मिळणारी जन्मठेपही देतं, आणि 2015 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या तिघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये रद्द करून जन्मठेप केली तेव्हा फार आरडाओरड झाली. निकाल वाचणारे थोडे. त्या तिघांना पॅरोल नाही, फर्लो नाही, म्हणजे तुरुंगातून रजाही नाही, असं त्यातच लिहिलंय.

एक गोष्ट उरते, तीही सांगून टाकते. 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात कसाबला फाशी दिल्याची बातमी सकाळी आली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. विधी आयोगानेही ऑगस्ट 2015 च्या अहवालात फाशी रद्द करा म्हणताना दहशतवादाचा अपवाद ठेवला होता, तेव्हा मला तो पटला होता. त्याच्या पुढच्याच महिन्यात, मुंबईतल्या 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांसाठी मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. त्या स्फोटांत 189 माणसं गेली होती. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. फाशीच्या पाचातला एक जण त्याआधीच, 2021 मध्ये, तुरुंगात असताना मरण पावला होता. तेव्हा कसाबबद्दल विचारलंत तर माझं उत्तर बदललेलं नाही, पण अपवाद ठेवावा का म्हणून विचारलंत, तर त्यालाही आता नकोच म्हणते.