हंड्याचं तोंड

शुक्रवार, १८ जुलै

आज पाऊस नव्हता, म्हणून तास व्हरांड्यात. वर्गातले बाक उतरत्या फळीचे आणि इतके अरुंद, की पाव इम्पिरिअल कागद पसरला की शेजारणीचं कोपर थेट रंगात. दोन वर्षं झाली गोवंडीतल्या या पालिकेच्या शाळेत दर शुक्रवारी शेवटचे दोन तास चित्रकला घेते आहे. त्यातले पहिले सहा महिने बाकांशी भांडण्यात गेले. मग एक मुलगा म्हणाला, "ताई, खालीच बसू ना." झालं.

शाळेला चित्रकलेचे शिक्षक नाहीत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक हवा. इथे पट त्याच्या कितीतरी वर आहे. वेळापत्रकात 'कला' असा तास आहे खरा, तो गणिताची उजळणी खाते. वर्गाच्या बाईंवर मात्र राग धरता येत नाही. दुपारच्या सुट्टीतही त्या मोबाइलवर कसली ना कसली माहिती भरत बसलेल्या असतात.

पहिल्या वर्षी मी फार उत्साहात होते. कागद वाटले की सगळ्यांचं चित्र एकच. दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी, नदी, आणि आभाळात चारच्या आकड्यांचे पक्षी. मी म्हटलं, हे नको, तुमची गल्ली काढा. मुलं गप्प. एकीनं विचारलं, "ती रोजच बघतो की. बंगला काढू?"

मी नाराजीनंच 'काढ' म्हटलं. घरी येताना हार्बर लोकलच्या गर्दीत लटकत असताना कळलं, माझ्या डोक्यात निळी ताडपत्री, पत्रे, अरुंद बोळ, असं एक प्रदर्शन आधीच लागलेलं होतं. बघायला येणारे 'किती बोलकं!' म्हणणार होते. त्या पोरीला त्यात काडीचा रस नव्हता. तिनं बंगला काढला. तीन मजली, आणि प्रत्येक खोलीत एक नळ. गॅलरीतसुद्धा.

यंदा आठवीच्या अकरा जणांना एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, बसवते आहे. या ग्रेड परीक्षांनी मुलांचा हात बांधला जातो, असं मी कॉलेजच्या कँटीनमध्ये तावातावानं बोलायचे. अजूनही थोडंफार तसंच वाटतं. पण पालकसभेत एक आई सरळ म्हणाली, "चित्रं काढून काय होणार, ताई?" तिला सर्जनशीलतेवर भाषण कुठल्या तोंडानं देऊ? मी सांगितलं, एलिमेंटरी झाली की पुढे इंटरमिजिएट, आणि तिथे 'ए' आला तर दहावीला सात गुण वाढून मिळतात, 'बी'ला पाच, 'सी'ला तीन. सात म्हटल्यावर फॉर्मवर सही झाली. मला जरा लाजच वाटली, पण सही झाली.

तर आज वस्तुचित्र. हंडा, दोन कांदे, घडी घातलेला टॉवेल. हंडा त्या बंगलेवालीनंच घरून आणला होता, स्टीलचा, एका बाजूला पोचा आलेला.

हंड्याचं तोंड सगळ्यांनी कंपासनं काढावं तसं गोल काढलं आणि बूड पट्टीनं आखल्यासारखं सपाट. दर वर्षी हेच. मी फळ्यावर लंबवर्तुळ काढलं, नेत्रपातळी समजावली. माना हलल्या, कागदावर गोल तसाच. तिसऱ्यांदा समजावताना माझाच आवाज चढला.

तेव्हा ती बंगलेवाली उठली. हंडा उचलून तिनं जमिनीवर अगदी पायाशी ठेवला. "नळाला लावल्यावर वरून बघतो ना, तेव्हा गोल दिसतो. पूर्ण." मग कमरेवर घेतला. "आता चपटा झाला. आतलं पाणी थोडंसंच दिसतंय." मग दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला. "आता तोंडच नाही. नुसती रेघ. भरला की नाही ते बघायला वाकवावा लागतो." आणि सरळ वर, डोक्यावर. "आणि आता खालचं बूड दिसतंय, बघा."

पोरं बघत राहिली. मागून एकजण ओरडला, "म्हणजे खालचं पण वाकडं काढायचं?" मी नुसतं हो म्हटलं. कला महाविद्यालयात हे समजायला मला एक अख्खं सत्र लागलं होतं, आणि तेही प्लास्टरच्या निर्जीव ठोकळ्यांवर.

पुढचा पाऊण तास कुणी 'ताई, फळ्यावर काढून द्या ना' म्हटलं नाही. खोडरबरासाठी दोन भांडणं झाली, तेवढीच. एकानं हंड्याचा पोचाही काढला, छायेसकट. परीक्षेत असला पोचा कुणी देत नाही, तरी मी तो पुसू दिला नाही.

ब्रश धुवायला नेहमीची एक बादली. दुपारनंतर शाळेच्या टाकीत पाणी नसतं, म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे, आधी पिवळेवाले, मग लाल, निळे, काळा सगळ्यात शेवटी. आज काळ्याची पाळी यायच्या आतच ती हंडा घ्यायला आली. तिचा टॉवेल रंगवायचा राहिला होता. म्हटलं, पूर्ण करून जा, पाचच मिनिटं.

"साडेपाचला पाणी येतं, ताई," म्हणाली, आणि हंडा कमरेवर घेऊन जिना उतरली.