मावशी, मलमात हळद नको!

ज्या गावच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या सांगलीत बसून ‘मलमात हळद नको’ म्हणायला धाडसच लागतं. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगहून घरी आलो होतो. लेकीच्या कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांमागे इसब, म्हणजे एक्झिमा, आहे हे कळल्यापासून, येणारा प्रत्येक जण चपला काढता काढताच एक उपाय सांगायचा. शेजारच्या काकू कडुलिंबाचा पाला घेऊन आल्या. कुणी कोरफड म्हणालं, कुणी करंजाचं तेल. मावशीचं ठरलेलंच होतं, सायीत हळद कालवायची आणि चोळायची. वर टोमणा, ‘डबंच्या डबं लावतीस त्या इंग्रजांचं, जरा घरचं लावून बघ की!’

आता घरचं मी लावतेच. पण माझं मलम इतकं साधं आहे की बघणाऱ्याला त्यात काही घातलंय असं वाटत नाही. सूर्यफुलाचं तेल आणि मधमाशीचं मेण, संपलं. सांगलीतला अर्धा वेळ मी त्यात आणखी काही पडू नये म्हणून पहारा देण्यात घालवला.

आधी डब्यांविषयी सांगते, कारण घरच्यांना ते खरं वाटत नाही. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या मुलाला साधं मॉइश्चरायझर आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लावा असं डॉक्टरांचं अधिकृत मार्गदर्शन आहे. आठवड्याला! सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, एवढं तर आपण पोळ्यांना तूप लावत नाही.’ सोळा वर्षांखालच्या मुलांना चिठ्ठीवरची औषधं तिथे फुकट मिळतात, म्हणून परवडतं. आणि कुठलं भारी, कुठलं हलकं हा वाद 2022 साली जवळपास मिटला. लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट अशी चारही 550 मुलांवर वापरून पाहिली, तेव्हा परिणामात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. जे मूल न रडता लावून घेतं ते चांगलं. अंघोळीच्या पाण्यात ओतायच्या तेलांचा फारसा उपयोग नाही, हे 2018 मध्येच दिसलं होतं.

रेडिंगचं पाणी जड आहे, किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो. जड पाण्याच्या भागात मुलांना इसब जास्त दिसतं हे खरं. पण पाणी मृदू करायचं यंत्र बसवून आजार कमी होतो का, हे 2011 च्या चाचणीत तपासलं तर तसा फायदा आढळला नाही. तेव्हा इथून तिकडे जाणाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात त्या यंत्रावर पैसे घालू नयेत.

मुळात दोष कातडीच्या बांधणीत असतो. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की कातडीचा वरचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात खोट असली की इसबाची शक्यता बरीच वाढते. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचं नको ते आत शिरतं. सगळ्यांनाच ही खोट असते असं नाही, पण गळती सगळ्यांच्याच कातडीत असते. हे काकांना समजावताना शेत कामाला आलं.

‘काका, तुम्ही उसाचं पाचट जाळायचं सोडून सरीत का पसरता?’
‘ओल धरती की.’
‘मलमाचं काम तेच. रानाला पाणी दिलं की पाचट, अंघोळ झाली की मलम. अंग नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच लावायचं.’

काकांना पटलं. मावशीचं लक्ष नव्हतं, ती माळ्यावरून तांब्याची परात काढत होती.

माझी कृती अशी. शंभर ग्रॅम तेलाला वीस ग्रॅम मेण. पातेल्यात पाणी गरम करून त्यात कोरडं स्टीलचं भांडं ठेवायचं. मेण 62 ते 65 अंशांना वितळतं, त्यामुळे थेट गॅसवर ठेवायची गरज नाही. वितळलं की थंड चमच्यावर एक थेंब सोडून दोन मिनिटांनी बोट फिरवून बघायचं. रेडिंगमध्ये हे प्रमाण लोण्यासारखं बसतं, पण सांगलीच्या एप्रिलमध्ये दुपारपर्यंत बरणीत अगदीच मऊ पडायचं. तिथे तीस ग्रॅम मेण घालावं लागलं. शिवाय उन्हाळ्यात जाड थर दिला की घाम कोंडतो आणि खाज वाढते. तिथे मी पातळ हात फिरवायचे.

तेल सूर्यफुलाचंच का? शेफील्डच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की ऑलिव्ह तेल लावून कातडीचा पडदा कमकुवत होतो, सूर्यफुलाच्या तेलाने तसं होत नाही. त्यातलं लिनोलेइक आम्ल कातडीला उपयोगी. हेच आम्ल आपल्या करडईतही भरपूर असतं. मात्र मी रिफाइंड तेल घेते, आणि यावरून लाकडी घाण्याचे भक्त माझ्यावर नाराज आहेत. खायला घाण्याचं तेल जरूर घ्या. फुटलेल्या कातडीवर मला बियांमधली प्रथिनं नकोत, आणि रिफाइंडमध्ये ती नावालाच उरतात. शेंगदाणा तेल तर नाहीच. ब्रिटनमध्ये 2003 च्या एका अभ्यासात, सुजलेल्या कातडीवर शेंगदाणा तेल असलेली क्रीम लावलेल्या मुलांमध्ये पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त आढळली होती. जे पोटात जायचं ते आधी फुटलेल्या कातडीतून गेलं तर शरीर त्याला शत्रू समजू शकतं. हळद, साय, बेसन नको म्हणते ते यासाठीच. हळदीची तर काहींना नुसत्या स्पर्शानेही अ‍ॅलर्जी येते, आणि शाळेचा पांढरा शर्ट जातो तो वेगळाच. लव्हेंडर, टी ट्री वगैरे सुगंधी तेलंही त्याच यादीत.

मावशीच्या परातीचं सांगते. ती शतधौत घृत करायला बसली होती. चिंचेने लख्ख घासलेली तांब्याची परात, त्यात गाईचं तूप आणि वर थंड पाणी. तळहाताने गोल गोल फेसायचं, पाणी दुधाळ झालं की ओतून टाकायचं, नवीन घ्यायचं. असं शंभर वेळा. लेक मोजायला बसली आणि चाळिशीच्या आसपास ‘आत्ताचं धरलंस का?’ यावरून दोघींचं वाजलं. पण तूप खरंच बदलत जातं. आधी रवा मोडतो, मग पिवळेपणा जातो, वास विरतो, आणि शेवटी परातीत पांढरंशुभ्र, बोटाला गार लागणारं काहीतरी उरतं. महागड्या बरणीतल्या क्रीमला मान खाली घालायला लावील असं. माझ्या टाचांना मी ते आनंदाने लावलं. लेकीला नाही. धुताना त्यात पाणी राहतं, आणि पाणी असलेल्या घरगुती क्रीममध्ये टिकवणारं काही नसेल तर जंतू वाढतात. इसबाच्या कातडीवर स्टॅफ नावाचा जंतू आधीच ठाण मांडून असतो. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला तर ते नकोच. माझ्या मलमात पाणीच नाही, म्हणून ते टिकतं. तरी बरणीत ओलं बोट घालायचं नाही, कोरड्या चमच्याने काढायचं.

आठवड्याला अर्धा किलो मलम घरी ढवळत बसणं मात्र होत नाही. घरचं आम्ही हातांना, ओठांभोवती आणि डब्यातलं क्रीम चुरचुरतं तिथे लावतो. बाकी अंगाला इंग्रजांचा डबाच. इसब भडकलं की डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम, मोजून. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून निघेल तेवढं, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. स्टिरॉइडला घाबरून मूल रात्रभर खाजवत ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. उलट ‘पूर्ण नैसर्गिक’ म्हणून आलेलं बिनलेबलाचं क्रीम दोन दिवसांत जादू करू लागलं, तर मला शंका येते. बर्मिंगहॅममध्ये इसबाच्या रुग्णांनी वापरलेली 24 हर्बल क्रीम तपासली, तेव्हा 20 मध्ये स्टिरॉइड निघालं. हे 2003 मध्ये छापून आलंय. आपल्याकडे दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब घ्यायची सवय इतकी होती की 2018 मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीच्या औषधांत घातली. सवय गेली का, ते तुम्हीच बघा.

पिवळी खपली, पू, ताप किंवा अचानक उठलेले दुखरे फोड दिसले तर कुठल्याच मलमाच्या भरवशावर न राहता डॉक्टर गाठायचा. आणि तेलकट मलम मुरलेले कपडे धुतल्यावरही पटकन पेट घेऊ शकतात, म्हणून देवघरात निरांजन असताना लेक जरा लांब.

निघताना मेण जास्त झालेली एक बरणी उरली होती. मावशीने ती हातात घेऊन वास घेतला, ‘ह्याला कसलाच वास नाही’ म्हणून परत ठेवली. काकांनी विचारलं, ‘म्हशीची सडं फुटल्यात, चालंल का?’ म्हटलं, तेल आणि मेणच आहे, धार काढून झाली की लावा, पुढच्या वेळी आधी पुसून घ्या. परवा त्यांचा फोन आला. म्हैस बरी आहे, आणखी दोन बरण्या हव्यात.